सुरंगीची कुंडी

मिरकाब, शुक्रवार, १८ ऑगस्ट १९६१

सकाळी पापलेटं धुतली आणि सवयीने ते पाणी सुरंगीच्या कुंडीत ओतायला निघाले. मग आठवलं, रोप तर गेल्या आठवड्यातच वाळलं.

आमच्या रत्नागिरीकडे मासे मीठ लावून धुतलेलं पाणी झाडाच्या मुळाशीच जातं. झाडं माजतात त्यावर. पण तिथे पावसाळा सगळं खारं धुऊन नेतो. इथे आखातात पाऊस कुठला? मला कसं सुचलं नाही? मी ज्यांचे फ्रॉक शिवते, त्या अमेरिकन मॅडमनी मातीवरची पांढरी खपली नखाने उचलून दाखवली. "मीठ," म्हणाल्या.

त्यांनीच मागे सांगितलं होतं. त्यांच्या देशात फार पूर्वी एका शेतकऱ्याने आणि त्याच्या मुलाने नदीकाठच्या एका फुलझाडाचं बी आणून आपल्या बागेत लावलं. पुढे रानातून ते झाड नाहीसंच झालं. आज जिथे कुठे आहे, ते त्या बागेतलंच. मला तेव्हा वाटलं, झाडं अशी कधी संपतात का?

दुपारी भाई गावाहून आगबोटीने आला. म्हणाला, दारातली सुरंगी रस्त्यासाठी तोडली. अम्मा जेवेना.

"पण तुझं रोप त्याच झाडाच्या बीचं ना? परतताना मी घेऊन जाईन. अम्माने खड्डासुद्धा खणून ठेवलाय."

मी म्हटलं, "आधी जेवून घे."

पापलेट त्याला फार आवडलं. आता निजलाय. ती पांढरी खपली कुंडीत तशीच आहे. उठला की गॅलरीत जाईल, रोप बघायला.