बोरखडकच्या हॉल्टवर गाडीची ओटी

तीर्थस्वरूप अर्जुनदादास बोरखडकाहून धाकट्या बहिणीचा, भिवराचा, वाकून नमस्कार. इकडं समदे धडधाकट हायेत, म्हशीसुद्धा. तुमचा गुडघा कसा हाय? (मागच्या पत्रात अर्धं पान गुडघ्यावरच होतं, म्हणून इचारलं.) तुमच्या वडगावाकडं विहिरींना अजून पाणी हाय म्हणतेत. आमच्या विहिरीत आता खाली बसून पोथी वाचावी इतकी कोरडी जागा झालीय. आस्सो. देवाच्या मनात यील तवा भरंल.

गाडीच्या थांब्याचं काय झालं ते तुमी इचारलं. सुंदररावानं तुमाला निराळंच सांगितलं आसंल, तर आधी माझं वाचा. गावोगाव पाण्याचे टँकर सुरू झाले तसा दूध संघाचा ट्रक तिकडं लागला आन आमच्याकडं यायचा बंद झाला. ऊन चढायच्या आत दूध परळीच्या डेअरीत न्हाई गेलं तर नासतं. दूध नासलं की पेंड न्हाई, पेंड न्हाई की म्हैस बाजाराला. औंदा शेतातून काडी आली न्हाई, घरात येतं ते दुधाचंच. म्हणून आमी महिला सोसायटीच्या बाया भाकरी बांधून रेल्वेच्या सायबाकडं गेलतो. त्यानं आदी लई कागद चाळले, मग आमी उठत न्हाई आसं बघून बोलला, नव्या टाइमटेबलात परळीची सकाळची पॅसेंजर तुमच्या बंद हॉल्टवर एक महिना थांबवून बघतो. दोन मिनिटं. तुमच्यापायी एक दिवस जरी गाडीला उशीर झाला तर थांबा गेला समजा. मी म्हणलं, सायेब, आमी म्हशीच्या वक्तावर चालणाऱ्या बाया, तुमच्या गाडीनंच आमाला उशीर करू नये.

पहिल्या दिवशी आमचे दुधाचे डबे झुंजूमुंजूलाच लिंबाखाली लागले. बंकट म्हणून आमच्या सोसायटीचा गडी हाय, त्यानं गाडीच्या डब्यात चढून आतून दूध वढून घ्यायचं, बायांनी खालून द्यायचं, असं ठरलं होतं. पण सुंदरराव सरपंच पडले (तुमचे दोस्त, माझा काय गुन्हा). त्यांनी मांडव घातला, बाजा आणला, शिऱ्याला आचारी बसवला आन दुधाच्या डब्यांनासुद्धा झेंडूचे हार घातले. गाडी वक्ताच्या जरा आदीच आली. ड्रायव्हरला फेटा बांधला. नारळ इंजिनावर फुटंना, तो रुळावर फोडला. एवढ्यावर भागलं आसतं, पण आमच्या सोसायटीतली रतनबाई आडवी आली. गाडी म्हणजे बाईमाणूस, पहिल्यांदा दारात आली, तिला मोकळ्या ओटीनं कशी लावून देता म्हणाली. हे समद्या बायांना पटलं. (मलाबी पटलं. मी सोसायटीची चेरमनबाई, न्हाई म्हणले आसते तर गावानं सहा महिने ऐकवलं आसतं.) खण, नारळ, तांदूळ तयार. आता इंजिनाची ओटी भरावी कुठं? रतनबाईनं वर हात करून ड्रायव्हरलाच सदरा पसरायला लावला. एवढ्या मिशांचा माणूस, पण बिचारा ओटी धरून उभा ऱ्हायला आन एकेक बाई कुंकू लावून तांदूळ टाकीत गेली.

तिकडं सुंदररावांनी निजामाच्या राज्यापासून भाषण धरलं होतं. इंजिनानं शिट्टी घातली. सुंदररावांना वाटलं आपल्याला सलामी दिली, त्यांनी हात जोडले. गाडी निघाली. दारात बंकट दोन्ही हात पसरून उभा, हाती काय न्हाई, तसाच परळीला गेला. आन आमचे डबे हार घालून लिंबाखाली, नवरदेवावानी. सुंदररावांचं भाषण तिथंच तुटलं. मग छबुबाई म्हणाली, "सरपंच, कावून थांबले? आता तर कुणाला घाई न्हाई, बोला की."

मी शिऱ्याची कढई रिकामी करायला लावली आन दूध वतलं. सुंदरराव म्हणाले, मी सरपंच हाय, मी खवा घोटू? मी म्हणलं, तुमीच. ज्याच्यापायी दूध ऱ्हायलं त्यानं आटवावं. फेट्यासकट घोटत बसले दुपारपस्तोर, धुरानं डोळे लाल. बंकट यष्टीनं वापस आला. डेअरीतल्या लोकांनी दूध कुठं म्हणून इचारलं, तर हा सांगून आला की सत्कारात हाय. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर खवा परळीला गेला, हलवायानं समदा घेतला, कुणाची म्हैस बाजाराला गेली न्हाई.

थांब्याचा मात्र जिवाला घोर होता. चार रोजानं सायेब आला. मी आदीच सांगून टाकलं, सायेब, दूध ऱ्हायलं पण गाडी गेली, उशीर झाला तो आमाला. तो म्हणाला, बाई, गाडी वक्तावरच सुटली. ड्रायव्हरची तक्रार न्हाई, फकस्त ओटीतला नारळ घरी फोडावा का देवाला द्यावा ते इचारलंय. (घरी फोडावा म्हणून कळवलं.) तवापासून आमचा कायदा हाय: गाडी हलंपस्तोर हॉल्टवर कुणी कुणाला रामराम घालायचा न्हाई. परवा छबुबाईचा जावई त्याच गाडीतून उतरला. तिनं 'या' म्हणलं न्हाई, दुधाचा डबा तेवढा हातात दिला. जावई रुसला, पण डबा चढला. काल थांबा कायम झाल्याचं सायबानं कळवलं. दूध रोज थंड पोचतंय. पाऊस न्हाई, तरी झोप लागती.

वहिनीस नमस्कार, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणून सांगा.
तुमची, भिवरा

ता.क. तुमी लिवलं की थांबा कायम झाला तर साखर कारखान्याच्या चेरमनला आन दोन जीपगाड्या घेऊन उद्घाटनाला येतो, भाषण तयार हाय. दादा, तुमी मोठे, बापाच्या जागी. येऊ नका.

आणखी ता.क. लईच मनात आसंल तर दुपारच्याला या. रूळ तिथंच आसतेत, त्यांच्याफुडं बोला, मी सुंदररावांना ऐकायला बसवते.

आणखी एक. वहिनीला मात्र आजच्या आज धाडा. रतनबाईचा हात मुरगळलाय, डबे चढवायला एक बाई कमी पडती.