दाजींचं प्रो आणि माझं होम

धार, रविवार

तीर्थस्वरूप यशवंतराव दाजींस,

धाकटा मेहुणा चिंतामणी याचा साष्टांग नमस्कार. अक्कालाही सांगावा (ती माझी सख्खी बहीण असली तरी नाव आधी तुमचं घ्यायचं, ही आईची शिकवण). तुमचा गुडघा आणि तिची साखर ताब्यात असेल अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक.

पत्रास कारण, अक्काचा फोन. तुमच्या कॉम्प्युटरला आपोआप कुलूप लागतं, मेकॅनिक तीनदा येऊन हात टेकून गेला, आणि आता तुम्ही तो लोहारद्याच्या तुमच्या जुन्या ड्रायव्हरला, फत्तेसिंगला देऊन टाकणार, असं ती म्हणाली. दाजी, देऊ नका.

आपण दोघांनी इंदुरात एकाच दिवशी मशीन घेतलं. दुकानवाला म्हणाला, "भिया, विंडोज में होम घरवालों का, प्रो दफ्तरवालों का." मी निवृत्त मास्तर, होम घेतलं. निवृत्त तुम्हीही, पण तहसीलदारी अंगात मुरलेली, म्हणून प्रो घेतलंत. मी मनात हसलो होतो. दोन्हींत खिडक्या त्याच, रंग तोच. वर्षभर मला तसूभर फरक दिसला नाही. आता कबूल करतो, प्रो ते प्रो.

समाजाच्या स्मरणिकेचे लेख तुमच्या मशीनवर आहेत, ते मी धारला बसूनच तपासावेत अशी सोय तुमच्या लेकीनं, गुंजननं करून दिली (तिनं तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही पेपरातून डोकं न काढता हो म्हणालात). होमवाला प्रोच्या घरात जाऊ शकतो, पण प्रोवाल्याला होमच्या घरात येता येत नाही, असं तिनं समजावलं. जावयापेक्षा मेहुण्याची सोय जास्त पाहणारी अशी दुसरी चीज मी पाहिली नाही. बटण दाबलं की माझ्या टेबलावर तुमचं देवासचं घर उघडतं!

लेख दोन दिवसांत संपले. पण शेजारीच 'माझ्या आठवणी' नावाची फाइल होती, आणि हात आवरला नाही. दाजी, तुम्ही इतकं सुंदर लिहिता, हे चाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नाहीत. उदयनगरच्या चिखलात जीप रुतली, आणि सकाळीच जिचा अर्ज तुम्ही नामंजूर केला होता तीच म्हातारी बैलजोडी घेऊन आली. जीप निघाल्यावर तुम्ही तो अर्ज बॉनेटवर पसरून पुन्हा वाचायला घेतलात. मी डोळे पुसले. आणि लिखाण तिथंच थांबलेलं!

पुढं काय झालं म्हणून मी दर अर्ध्या तासानं डोकावू लागलो. आठ दिवस एक अक्षर वाढलं नाही. तुम्ही आळशी झालात असंही मनात आलं (क्षमस्व). काल गुंजनला विचारलं, तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, "मामा, तुम्ही आत गेलात की बाबांच्या स्क्रीनला कुलूप लागतं." तुम्ही पासवर्ड घालून ते उघडलंत की मी बाहेर फेकला जायचो, आणि नेट गेलं समजून परत शिरायचो. म्हणजे आठ दिवस आपण एकमेकांना घराबाहेर काढत होतो. मशीन निर्दोष आहे. प्रो तर मेकॅनिकहून शहाणं. राग माझ्यावर काढा, त्याच्यावर नको.

आपला अपराधी,
चिंतामणी

ता. क. माझंही होम प्रो करता येतं, असं गुंजन म्हणते. तूर्त नको. मीही आठवणी लिहितो आहे आणि त्यात तुम्ही आहात.

ता. क. २. उद्यापासून सकाळी दहा ते एक मी शिरणार नाही, देवाशपथ. तेवढ्यात लिहा. जे घडलं तेच लिहा. पण म्हातारीचा अर्ज मंजूर झाला असेल, तर फार बरं होईल.