पश्चिमेच्या भिंतीवरचा टीव्ही

आबा,

तुमच्या नातवाने सगळ्या नातलगांना कळवले आहे की, पश्चिमेच्या भिंतीला वास्तुदोष असतो म्हणून तुम्ही तिच्यावर हयातभर काही टांगू दिले नाही आणि तो नियम मोडून मी यंदाच्या पाडव्याला तिथे टीव्ही बसवला. या एका वाक्यात तीन चुका आहेत. दोष वास्तूचा नव्हता, ओलीचा होता. पाडव्याला टीव्ही खोक्यातच होता. आणि पश्चिमेच्या भिंतीवर तुम्ही स्वतः एकदा टांगले होते. आपल्या घरात नव्हे, मळवलीच्या ज्या बंगल्याची तुम्ही राखण करत होता, तिथे. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे. मुलाला मी अजून काही कळवलेले नाही. चुका दाखवण्याचाही आता कंटाळा येतो.

सातवीत मला निबंधाचे प्रमाणपत्र मिळाले, ते मी त्या भिंतीवर खिळा ठोकून लावले होते. तुम्ही खाचरातून आलात, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, आणि दारातूनच ओरडलात. तुमचे शब्द जसेच्या तसे लिहितो. ते शुद्ध करण्याचा अधिकार मला नाही. "हितं कुटं ठोकलास रं? आखाडात ही भित नुसती रडती. कागद कुजंल तुजा." मग हात धुऊन, पुसून, तुम्हीच तो कागद काढलात आणि समोरच्या भिंतीवर लावलात. तुम्हाला वाचता येत नव्हते, पण कागद उलटा लागला नाही.

आता तुमची सून त्याच खोलीत निजलेली असते. अर्धांगवायूनंतर तिला कूस बदलता येत नाही, मान थोडीच वळते. दवाखान्यासारखी दांडा फिरवून उचलायची खाट आणली आहे. ती दुसरीकडे वळवली तर दार अडते. त्यामुळे तिच्या डोळ्यांसमोर दिवसभर एकच भिंत असते आणि ती नेमकी तुम्ही वर्ज्य केलेली. उरलेल्या तीन भिंतींवर टीव्ही लावून तिला काहीही दिसले नसते.

काम करायला कामशेतचा कारागीर आला. तो माझा जुना विद्यार्थी. आता त्याचेच केस पांढरे होऊ लागले आहेत.

"सर, या भितीला नगा लावू. लय वल धरती. आन् लावायचाच तर खाली घेऊ, समदे खालीच घेत्यात."

"सगळे बसून पाहतात. ही निजून पाहणार आहे."

उंची कशी ठरवायची, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी मी खाटेवर तिच्या शेजारी आडवा झालो, तिच्या उशीवर डोके टेकले आणि एक डोळा मिटून भिंतीवर जागा दाखवू लागलो. तो पेन्सिल घेऊन खुणा करत होता. वर, अजून वर, थोडे खाली.

"सर, पेपर तपासताना बी तुमी असाच डोळा मिटायचा," तो म्हणाला. "मार्क मात्र कदी दिलं न्हाईत."

"मला बी न्हाई," ती म्हणाली. तिचे तोंड एका बाजूला ओढलेले असते, शब्द जड येतात. पण हे आम्हा दोघांनाही कळले आणि तो शिडीवर हसत उभा राहिला.

उंची ठरली, ओलीचे काय करायचे ते ठरेना. तेव्हा मला तो बंगला आठवला. मी नुकताच शाळेत लागलो होतो आणि पहिल्या पगाराचे पेढे द्यायला तुमच्याकडे आलो होतो. मालकीणबाई भल्यामोठ्या तसबिरीसाठी हटून बसल्या आहेत, जागा पश्चिमेचीच हवी आहे. तुम्ही वाद घालत नाही. सागाचे चार गुटके, जाडसर ठोकळे, भिंतीला ठोकता, त्यांच्यावर फळी आणि फळीवर तसबीर. भिंत आणि फळी यांच्यामध्ये तळहात सहज जातो. मी कारण विचारतो. "मागनं वारं खेळाया पायजे. आन् हात जाया पायजे. हात गेला न्हाई, तर आत काय कुजलं ते कळनार कसं?" पेढा तुम्ही काम संपल्यावर खाल्लात.

तसेच केले. चार गुटके, त्यांवर पाण्याने न फुगणारी प्लायची फळी, तिच्यावर टीव्ही. वायरी फळीमागच्या पोकळीतून नेल्या आणि प्लगचा पॉइंट बाजूला काढला, म्हणजे टीव्ही न उतरवता हात पोहोचतो. गच्चीवरच्या डिशची वायर आत घेण्याचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडले आणि बाहेर वायरीला खाली झोळ दिला. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, आत येत नाही. जोडीला एक रिकामी नळी ठेवली. पुढे कुणाला आणखी एखादी वायर न्यावी लागली, तर भिंत पुन्हा फोडायला नको. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, दोन स्क्रू मारायचे होते, केवढा हा पसारा!"

आषाढभर भिंत पाझरली. मी फळीमागे हात घालून पाहिले. भिंत ओली, फळी कोरडी, वायरी कोरड्या. तुमचे काम चोख आहे, आबा.

माझे तसे नाही. ती आजारी पडल्यापासून मी तिला रोज दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवत असे, मग औंढ्याच्या, तिच्या माहेरच्या गोष्टी. ती त्याच गोष्टी पुन्हा विचारी आणि मी पुन्हा सांगे. जन्मभर वर्गात बोललो, पण असा कधी थकलो नव्हतो. टीव्ही लागला आणि मी ओट्यावर जाऊन बसू लागलो. खाटेवरून ओटा दिसत नाही. परवा आतून हाक आली, "अवो, बंद करा त्ये. तुमी बोला." एवढे बोलायला तिला किती कष्ट पडतात, हे मला माहीत आहे. तिने पुन्हा हाक मारली. मी दुकानात गेलो असेन, असे तिला वाटू दिले.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही आणि मुलाला ते दाखवायचे नाही. तरी त्याच्या सांगण्यातले दिवस चुकीचे राहू नयेत.

टीव्ही विकत आणला: होळीच्या आदल्या दिवशी.

भिंतीवर बसवला: रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला नव्हे.

ओल तपासली: आषाढी अमावास्येला.

ती ‘बंद करा’ म्हणाली: नागपंचमीला.

हे लिहिले: आज, नागपंचमीनंतर दोन दिवसांनी, ओट्यावर. आत टीव्ही सुरू आहे.

तिच्याजवळ बसून शेवटचे वाचून दाखवले: हा दिवस मला आठवत नाही.