चिंचेखालचा राखणदार

प्रिय बाबा,

फोनवर तू 'बरी आहेस ना?' एवढंच विचारतोस आणि मोबाईल आईच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या गुडघ्याच्या गोळ्यांच्या पिशवीत घालून पाठवते आहे. आईसमोर उघडू नकोस. परसात जा आणि खुर्चीवर बसून वाच. उभ्याने मुळीच वाचू नकोस.

रविवारी मी लोकांना पणजी दाखवत फिरते हे तुला कधी पटलं नाही. 'त्या पणजीत बघण्यासारखं काय आहे गो? आम्ही ट्रकातून वाहिलेले चिरेच ना?' असं म्हणायचास. अरे, तेच तर मी दाखवते! चर्च आणि राजवाडा सगळेच दाखवतात. मी पोदेराच्या पावाच्या भट्टीची काळी भिंत दाखवते, न्हाव्याच्या दुकानातली झिजलेली फरशी, फेरीधक्क्याच्या पायऱ्या. शेवटी बाजारामागच्या गल्लीत चिंचेखाली नेते. तिथे शेंदूर फासलेला एक वीतभर दगड आहे. टॅक्सीवाले जाता-येता त्याच्यापुढे विडी ठेवतात, कुणी पाव, कुणी फेणीचे चार थेंब. शहर नव्हतं तेव्हापासूनचा हा राखणदार, इथल्या माडांच्या बागा राखायचा, असं मी तीन वर्षं छाती फुगवून सांगत आले. लोक टाळ्यासुद्धा वाजवायचे.

बाबा, तो राखणदार नाही रे. तो आपला वरवंटा आहे.

गटारासाठी गल्ली खणायला घेतलीय. काल सकाळी गेले तर दगड मुळातून सुटून आडवा पडलेला. मातीतलं टोक वर आलं होतं, त्याला ना तेल ना शेंदूर, आणि त्या टोकाचा एक टवका उडालेला. मी खाली बसून त्यावर बोट फिरवलं. सात वर्षांची असताना भाजलेल्या काजूबिया फोडताना तो टवका मीच उडवला होता. त्याच वर्षी वरवंटा घरातून नाहीसा झाला आणि मीच कुठेतरी टाकला म्हणून आईने माझ्या पाठीत धपाटे घातले. आठवतं? तू ओट्यावरच बसला होतास. एक शब्द बोलला नाहीस! आपल्या पाट्यावर अजून त्याच्या जागी आणलेला आखूड, विजोड वरवंटा आहे आणि वाटण वाटताना आई अजून माझ्या नावाने बोटं मोडते. तीस वर्षं, बाबा. इतका राग आला होता मला तुझा. पण तो तासभरही टिकला नाही.

चिंचेसमोर देवकीबाईंचा फुलांचा गाडा आहे. तीन वर्षांची ओळख. मी दिसले की माझ्या केसांत अबोलीचा वळेसर माळल्याशिवाय सोडत नाहीत. मला अशी मातीत बसलेली बघून त्या जवळ आल्या. म्हणाल्या, 'खरं सांगू बाय? तो देव नव्हे. तू एवढ्या हौशीने लोकांना सांगायचीस म्हणून मी गप्प राहिले. एका ट्रकवाल्याने पुरलाय तो.' आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे यजमान, बाबुराव, चिरे उतरवायला जायचे. एके दिवशी चिऱ्यांचा ट्रक गल्लीत मागे येत होता आणि ते मागे उभे राहून फळीवर थापा मारत 'येवंदी, येवंदी', येऊ दे मागे, म्हणत होते. मग थापा थांबल्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला तोवर चाक अंगावरून गेलं होतं. बाराव्या दिवशी तो ड्रायव्हर पिशवीतून हा दगड घेऊन आला, चिंचेखाली पुरला, हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हापासून दरवर्षी बाबुराव गेले त्या तिथीला, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी येतो, नारळ ठेवतो, मान खाली घालून निघून जातो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी! आपल्या साखळी गावच्या बाजारात उसाचे ढीग पडलेले असताना पणजीहून ऊस घेऊन येणारा माणूस अख्ख्या गोव्यात एकच. आम्ही किती हसायचो तुला. कंबर दुखते म्हणून तू ट्रक सोडलास, तेही आम्ही खरं मानलं. तू स्कूटरसुद्धा कधी मागे घेत नाहीस, सगळ्या अंगणाला वळसा घालून निघतोस, त्यालाही हसलो. पणजीच्या प्रत्येक पायरीमागची गोष्ट शोधत फिरले मी, आणि घरातल्या माणसाला एकदाही काही विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटते.

देवकीबाईंनी विचारलं, 'यंदा आला नाही तो. मेला काय गो?' तेव्हा मला राहवलं नाही. तो माझा बाप, म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांनी मला हाताला धरून गाड्यामागच्या स्टुलावर बसवलं. मग जे बोलल्या त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. त्या म्हणाल्या, 'मी गाड्यावरून बघत होते. ओल्या चिऱ्यावरून ह्यांचा पाय घसरला. ड्रायव्हरची काही चूक नाही, असं मीच पोलिसांना सांगितलं. त्याला कुणी सांगितलं नाही काय?' नाही ना रे सांगितलं कुणी? सोमवारी तिथे काम पुढे सरकणार आहे. कामगार राखणदाराला हात लावायला घाबरतात आणि देवकीबाई म्हणतात, ज्याने गाऱ्हाणं घालून ठेवला, त्यानेच उचलायचा. रविवारची माझी फेरी मी रद्द केलीय. सकाळी आठला न्यायला येते, काठी घेऊन तयार राहा. गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करीन, मागे घ्यावी लागणार नाही. आणि देवकीबाईंचा तुला एकच निरोप आहे: यंदा मान वर करून ये.

तुझीच,
गौरवी