मौनाच्या दिवसांतलं पत्र

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात असं नुसतं लिहू नकोस, शेकत जा.

इकडची बातमी बरी नाही. आमच्या शाळामास्तरीणबाई गेल्या. सात वर्षांपूर्वी मी या मौन प्रार्थनेच्या सभागृहात आलो तेव्हा आम्ही चौदा जण होतो. इथे पुजारी नाही, मूर्ती नाही, पोथी नाही. खुर्च्या गोलाकार मांडायच्या, तासभर गप्प बसायचं, कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर त्याने बोलायचं. हळूहळू कुणी गाव सोडलं, कुणी जग. शेवटी बाई आणि मी एवढेच उरलो होतो.

परवा रविवारी सवयीने सहा खुर्च्या मांडून बसलो. कुणी आलं नाही. तास संपला की शेजाऱ्याशी हात मिळवायची इथली रीत आहे. माझा हात आपसूक पुढे झाला. मग तो कोटाच्या खिशात घातला आणि खुर्च्या उचलून ठेवल्या.

एप्रिलअखेर सभागृह बंद होणार. मागची माझी खोलीही सोडावी लागेल. पुस्तकबांधणीचं काम कुठेही मिळतं. खळ, सुई आणि दोरा घेतला की झालं. डोंगरापलीकडे एक आश्रम आहे म्हणतात. एकोणसत्तराव्या वर्षी नवी प्रार्थना पाठ होईल का, एवढीच धास्ती.

तुझा लोभ आजवर पुरला, पुढेही पुरावा.

तुझा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
अ. उ. आ.

बाईंचं वाचून वाईट वाटलं. आश्रमाचं वाचून मात्र हसू आलं. बाविसाव्या वर्षी घरातून निघालास तो ख्रिस्ती मठात. नऊ वर्षांनी दर्ग्यात कुराणाच्या सुट्या झालेल्या प्रती शिवत बसलास. मग गुरुद्वारा, मग बौद्ध विहार, मग ज्यूंचं प्रार्थनाघर. सरकारी नोकरांच्या व्हाव्यात तशा तुझ्या देवाच्या बदल्या! पोस्टमन आला की तुझे भाऊजी विचारायचे, मेहुणे सध्या कुणाच्या पदरी आहेत? ते गेल्यापासून ही थट्टा करायला घरात कुणी नाही. शिलाई मशीन चालू असते तोवर बरं असतं. थांबली की घर खायला उठतं.

एक विचारते, राग मानू नकोस. सत्तेचाळीस वर्षांत तुला ते सापडलं का रे? आईच्या शेवटच्या दुखण्यात तू विहारात तीन महिन्यांचं मौन धरलं होतंस. मौन संपल्यावरच माझं पत्र हाती पडलं, असं तू कळवलंस. मी कधी बोल लावला नाही. पण आईने नऊ दिवस दाराकडे तोंड करून काढले. ज्याच्यापायी तू आला नाहीस ते निदान तुला मिळालं असेल, एवढं कळलं तरी मला बरं वाटेल.

आठवण ठेव. निदान तिला तरी एका जागी राहू दे.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली.

तुझं पत्र मला उशिरा मिळालं नव्हतं. आलं त्याच सकाळी विहाराच्या थोरल्या भिक्खूंनी ते स्वतः माझ्या हातात दिलं. मौन मोडायला हरकत नाही, घरचं पत्र आहे, असंही ते म्हणाले. तुझं अक्षर होतं. इतकं दाबून पत्ता लिहिला होतास की पाकिटाच्या मागून बोटांना लागत होता. आई आजारी आहे हे मला आधीच माहीत होतं. त्यामुळे आत काय असेल ते मी ओळखलं.

पण मौनाचा अकरावा दिवस होता. आयुष्यात पहिल्यांदा आतलं सगळं शांत झालं होतं. पाकीट फोडलं तर ते जाईल, या भीतीने मी ते आसनाखाली सरकवलं आणि त्यावर बसलो. एकोणऐंशी दिवस बसलो. ती शांतता तर त्याच संध्याकाळी गेली होती.

विहार सोडताना मी तुला मतभेदांचं काहीबाही लिहिलं होतं. ते खोटं. तिथली माणसं भली होती. सगळीकडचीच भली होती. मठातले लोक मी तापात असताना माझ्या उशाशी बसले, दर्ग्यात सेवा करणाऱ्या म्हाताऱ्या खादिमाने स्वतःची घोंगडी दिली. त्यांच्या देवांत काही कमी नव्हतं. प्रार्थनेत कधीकधी, चार-पाच क्षण, आपण उरतच नाही असंही झालं. तू विचारलंस म्हणून सांगतो, सापडलं होतं. पण विहारानंतर मी जिथे जिथे डोळे मिटले, तिथे आधी ते पाकीट दिसलं. त्यापुढे मला जाता आलं नाही.

आश्रमात जाणार नाही. तुझ्याकडे येऊ का? नाही म्हणालीस तर तेही बरोबरच आहे.

लोभ मागायला आज तोंड नाही.

धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

मला माहीत होतं. तू विहार सोडलास त्यानंतर थोरल्या भिक्खूंचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. पत्र वेळेवर दिलं होतं, पण त्याने उघडलं नाही, आम्ही आग्रह करायला हवा होता, क्षमा असावी, असं त्यांनी लिहिलं होतं. ते मी तुझ्या भाऊजींनाही दाखवलं नाही.

सत्तावीस वर्षं तुला विचारलं नाही, ते मोठ्या मनाने नव्हे. विचारलं असतं तर लाजेने तू पत्रं लिहायचं थांबवलं असतंस. मुलं झाली नाहीत, आई गेली, पुढे हेही गेले. माझं म्हणावं असं तुझं पत्रच तेवढं येत होतं. तेही गेलं असतं तर काय केलं असतं मी?

आता तू आपणहून सांगितलंस. वाटलं होतं हलकं वाटेल, तसं काही झालं नाही. वाचून झाल्यावर मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली. क्षमा कशी करतात ते मला येत नाही. तुझ्या एवढ्या ठिकाणी ते शिकवलं असेल, तर आल्यावर मला सांग.

मागची खोली रिकामी केली आहे. खिडकीशी टेबल आहे, त्यावर तुझं बांधणीचं सामान मावेल. सकाळी मी फारशी बोलत नाही, याची तुला सवय असेलच. मी न्यायला येणार नाही, मला जिना उतरवत नाही.

बेल बिघडली आहे आणि मला हल्ली कमी ऐकू येतं. दोनदा वाजवून परत फिरू नकोस. मी उघडेपर्यंत दार वाजवत राहा.

तुझी,
ताई