एका शब्दाचं माहेर

छत्रपती संभाजीनगर,
रविवार

प्रिय ताहेरा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितेय.

परवा अकरावीच्या वर्गात 'गॉसिप'चा अर्थ सांगितला, चहाड्या, कुचाळक्या. एकीनं विचारलं, मॅडम, हा शब्द आला कुठून? मला कुठं येत होतं! घरी येऊन जाडा कोश काढला. बाई गं, शब्द लई चांगल्या घरचा निघाला. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो 'गॉडसिब' होता. गॉड म्हणजे देव, सिब म्हणजे नात्यातलं माणूस. बाळाच्या नामकरणाला देवासमोर उभं राहून जो त्याची जबाबदारी घेई, तो आईबापाचा गॉडसिब. आपण मानलेली बहीण म्हणतो ना, तसंच काहीसं. पुढं जिवाभावाच्या मैत्रिणीला तो शब्द लागला, मग बाळंतिणीजवळ बसणाऱ्या बायांना. पुढं बोलघेवड्या बाईला चिकटला, आणि शेवटी नुसत्या तिच्या बोलण्याला. नातं गेलं, चहाडी तेवढी राहिली. कोश मिटला आणि तुझा असा संताप आला म्हणून सांगू!

पिशोरला आपण दोघी एकाच शाळेत नव्या शिक्षिका होतो. माझ्या सायलीच्या बाळंतपणाला माझी आई पोचली नव्हती, दवाखान्यात माझा हात धरून तूच बसलीस. तिच्या जिभेला पहिला मध तू लावलास. नववीत तिला झटके यायला लागले तेव्हा डॉक्टरकडं तूच घेऊन गेलीस. दोन वर्षांत पोरगी ठणठणीत झाली. हे आपल्या दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मग कन्नड गावची सोयरीक आली तिला. आपल्याकडची चौकशीची रीत तुला काय सांगायची! मुलाकडचे गुपचूप मुलीच्या आईची मैत्रीण गाठतात. ते तुझ्याकडं आले आणि तू कौतुकानं सांगून बसलीस, पोरगी सोनं आहे, लहानपणी झटके यायचे, आता एकदम बरी आहे. त्यांनी 'झटके' तेवढं उचललं आणि सोयरीक मोडली. माझ्या चांगल्यासाठीच बोललीस, असं तू किती वेळा म्हणालीस. त्या चांगल्याला काय जाळायचंय? त्यानंतर सायलीनं एकही स्थळ पाहू दिलं नाही. आता अठ्ठावीसची झाली, पुण्याला नोकरी करते, लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते.

आता मुद्द्यावर येते. शुक्रवारी जालन्याची दोन माणसं माझ्याकडं आली होती, मुलाची आई आणि त्याची आत्या, ती फुफी. तुझ्या सदफची चौकशी करायला. पोरगी कशी, स्वभाव कसा, सगळं विचारलं. मी मनापासून चांगलंच सांगितलं. मग फुफीनं विचारलं, आधी कुठं मंगनी वगैरे झाली होती का? वैजापूरची मोडलेली मंगनी माझ्या ओठांवर आली. मी ती बोलले नाही, ताहेरा. पण 'नाही' असंही म्हणाले नाही. कपाकडं बघत गप्प बसले. चौकशीत गप्प बसण्याचा अर्थ काय घेतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, चहा तसाच ठेवला आणि उठल्या. जिन्यापर्यंत मागं जाऊन त्यांना थांबवता आलं असतं. मी दारात उभी राहिले. आणि खरं सांगते, घडीभर मला बरं वाटलं.

दोन-चार दिवसांत त्यांचा नकार येईल. कारण विचारत त्यांच्या दारात जाऊ नकोस, कारण मी आहे. माफी मागायला लिहीत नाही, ती द्यायला तू मोकळी नाहीस आणि मागायला मी. सदफनं स्वतःत खोट शोधत बसू नये, म्हणून लिहिलं. तिला माझं नाव खुशाल सांग. सायलीला मी तुझं नाव आजवर सांगितलेलं नाही. ती अजून दर ईदेला विचारते, ताहेराखाला आपल्याकडं का येत नाही.

तुझीच होते ती,
रत्नमाला