शिरीष, पोतं क्रमांक सात

९ एप्रिल, बुधवार

पोतं क्रमांक सात हलवलं आणि खाली पीठ सांडलं. शिरीषाच्या बियांचं पीठ! एक बी उचलली — टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. दुसरी, तिसरी, तीच गत. पोत्याच्या तोंडाशी भुंगे आरामात हिंडत होते, खोली भाड्याने घेतल्यासारखे. पंचेचाळीस किलो बियाणं. जूनमध्ये रोपवाटिकांना जायचं होतं.

केंद्रप्रमुख अभिरामसर येऊन बघून गेले. "किसका माल है? चिंतामण का ना?" एवढंच म्हणाले. मला रोख कळला.

१० एप्रिल

चिंतामणजी सिमरोलकडचे. वीस वर्षं आमच्या बीजकेंद्राला झाडावर चढून शेंगा काढून देतात. जमिनीवर पडलेली शेंग कधी आणत नाहीत. तिच्यात भुंग्याने आधीच घर केलेलं असतं. हे मला त्यांनीच शिकवलं, माझ्या एमएस्सीने नाही. आणि सर म्हणतात, "अब उमर हो गई भिया की. नीचे से बटोर लाया होगा." तसं ठरलं तर माल देणाऱ्यांच्या यादीतून नाव जाणार. दुसरं काम त्यांना येत नाही, ते मागायलाही जाणार नाहीत.

मी गप्प बसले. का बसले ते इथे तरी लिहू दे. फेब्रुवारीत त्यांचं पोतं आलं त्या संध्याकाळी मला महूची बस गाठायची होती. गेल्या वर्षीचं किडकं पोतं जाळायचं राहून गेलं होतं. नवं मी त्यालाच टेकवून ठेवलं. मीच! म्हटलं, सकाळी हलवू. ती सकाळ उजाडली सहा आठवड्यांनी.

११ एप्रिल

माल येतो त्याच दिवशी आम्ही त्यातला एक नमुना सील करून फ्रीजमध्ये ठेवतो. तो चांगला निघाला तर कीड आमच्या गोदामातली, चिंतामणजी सुटले. सीलवर माल देणाऱ्याची आणि केंद्राची सही असते, ते दोघांसमोरच फोडायचं असतं. पण मला धीर कुठला! जेवणाच्या सुट्टीत एकटीनेच फोडलं. शंभर बिया ब्लेडने चिरल्या. एकीतही अळी नाही. बरं वाटलं, रडूच आलं.

मग फुटलेल्या सीलकडे लक्ष गेलं. आता हा नमुना कोण मानणार? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते माझ्यासाठीच.

१२ एप्रिल

सरांची नजर टाळली. दिवसभर.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. महूत पाय ठेवायला जागा नाही. आईने खिरीची वाटी पुढे केली, मी ती तशीच बाजूला सारली. "संबोधी, कोणाशी भांडलीस?" शेवटी सगळं सांगितलं. म्हणाली, "मग इथे काय करते आहेस? जा, लिहून दे." आई सगळं सोपं करून टाकते. माझी नोकरी कंत्राटी आहे, तिला आठवत नाही. मला आठवते, म्हणून तर इतके दिवस गेले. लाज वाटते.

१५ एप्रिल

लिहिलं. हिंदीत, एक पान. किडकं पोतं शेजारी ठेवलं ते मी, सील फोडलं ते मी. चार वेळा फाडलं, पाचव्यांदा सही केली. उद्या सकाळी देते. उद्या नक्की.

१६ एप्रिल

सरांच्या दाराबाहेर चिंतामणजी बसलेले. त्यांनी कालच लिहून दिलं — शेंगा जमिनीवरून वेचल्या. साफ खोटं. "साहब बोले, मान लो तो इस बार माफी, नाम रहेगा. नहीं तो कट."

मी माझा कागद त्यांना वाचून दाखवला.  ते म्हणाले, "दो दिन पहले देतीं, मैडमजी. अब दोगी तो मैं झूठा पड़ूँगा. काम जाएगा."

आतून सरांनी विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही.